एकाच चाकाची तीन बेअरिंगं: घोडबंदर रोडवरच्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २०१६ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. पहिल्यापासून एकाच मालकीची. मालकीणबाई कासारवडवलीला राहतात आणि ऐरोलीला नोकरी करतात. पुढे त्यांना नुसतं 'ताई' म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, गॅरेजांची नावं अर्थातच दिलेली नाहीत.

रोजचा रस्ता घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली. हा रस्ता ज्यांच्या अंगवळणी पडलाय त्यांना वाटेल की प्रकरण इथेच संपलं. मेट्रोच्या कामाने उकरलेल्या लेन, पेव्हर ब्लॉकने बुजवलेले आणि आठवड्यात पुन्हा उघडे पडलेले खड्डे, जोराचा पाऊस झाला की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचणारं पाणी. बेअरिंग जाणार नाही तर काय होईल? सगळ्यांना हेच वाटत होतं, आणि या वाटण्यामुळेच दोन वर्षं गेली.

मी स्वतः गॅरेजवाला नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. पंप, ब्लोअर, कन्व्हेयर यांची बेअरिंगं बदलण्यात नोकरीची बरीच वर्षं गेली. ताई आमच्याच सोसायटीतल्या. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा तिसरं बेअरिंग आवाज करायला लागलं होतं.

थोडं रचनेबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बेअरिंग म्हणजे एक बाहेरचं कडं, एक आतलं कडं आणि मध्ये फिरणाऱ्या गोळ्या. या गाडीच्या पुढच्या चाकात ते वेगळं, सुटं असतं. ते 'नकल' नावाच्या ओतीव भागाच्या बोअरमध्ये, म्हणजे गोल भोकात, प्रेसने दाबून बसवतात आणि सर्क्लिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने, अडकवतात. मग बेअरिंगच्या आतल्या कड्यात हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, दाबतात, हबमधून चाकाला फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट येतो आणि त्यावर मोठा एक्सल नट आवळतात. ग्रीस आतच सीलबंद असतं. मधूनच ग्रीस भरा, नट थोडा सैल-घट्ट करा, असलं काही इथे चालत नाही. बेअरिंग नीट बसलं तर लाखभर किलोमीटर त्याच्याकडे बघावं लागत नाही.

अडचण

२०२२ च्या जुलैत, गाडी ७४,००० किलोमीटर झालेली असताना, पन्नासच्या पुढे गेलं की घूंऽऽ असा आवाज यायला लागला. वेग वाढला की आवाजही चढे. घराजवळच्या गॅरेजवाल्याने टायरवर हात फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, टायर खालीवर झिजलेत, टायरचाच आवाज आहे." पुढचे दोन टायर बदलले, ८,६०० रुपये. आवाज तसाच.

टायर आणि बेअरिंग यांचे आवाज खरंच सारखे असतात, त्यामुळे गॅरेजवाल्याला फार दोष देता येत नाही. पण फरक ओळखायला पैसे लागत नाहीत. बेअरिंग खराब असेल तर वळणावर आवाज बदलतो. गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला आणि डावीकडे वळताना कमी झाला, तर संशय डाव्या बाजूवर. माजिवड्याच्या उड्डाणपुलावरच्या लांब वळणाला हे साफ कळतं. दुसरी खूण म्हणजे गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंग बिघडलं असेल तर स्प्रिंगमधून खरखर हाताला लागते. यातलं काहीही झालं नाही.

टायरवर पैसे घातलेत, आता बघू पुढे, असं म्हणत ताईंनी दिवाळीपर्यंत गाडी तशीच चालवली. माझ्या मते खरं नुकसान याच महिन्यांत झालं. ते दिसलं मात्र खूप उशिरा.

नोव्हेंबरमध्ये त्याच गॅरेजने डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं. बिल २,८५० रुपये. त्यात 'प्रेसवाला ३००' अशी एक ओळ होती, म्हणजे नकल बाहेर कुठेतरी पाठवला गेला होता. गाडी शांत झाली.

२०२३ च्या उन्हाळ्यात, साधारण ९,००० किलोमीटरनंतर, पुन्हा घूं. गॅरेजवाल्याने बेअरिंग फुकट दिलं, मजुरी १,२०० घेतली. गाडी घरी आली तेव्हा डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा. परत नेली तर अर्ध्या दिवसात दिवा गेला. कसा गेला ते ताईंनी विचारलं नाही, पण गॅरेजच्या पोऱ्याने सहज सांगून टाकलं, "उलटं बसलं होतं, सरळ केलं."

या एका वाक्यावर थांबायला हवं. अशा बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये बारीक चुंबकांचं कडं असतं. एबीएसचा सेन्सर त्यावरून चाकाचा वेग मोजतो. ती बाजू आत, सेन्सरकडे यायला हवी. उलटी बसली तर दिवा लागणारच. उलटं बसवणं ही चूक झाली, होते कधी कधी. पण सरळ करण्यासाठी तेच बेअरिंग बाहेर काढून पुन्हा दाबलं गेलं. हब बाहेर ओढताना सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि गोळ्या कड्यांच्या वाटेवर खळगे पाडतात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. एकदा बसवून काढलेलं बेअरिंग भंगारात जायला हवं. कारखान्यात कुणी असं करायला गेलं तर मी हात धरेन.

ते बेअरिंग चारएक महिन्यांत गेलं. ताईंचा संताप आता गॅरेजवर होता. "डुप्लिकेट माल लावतो मेला," असं त्यांचं ठाम मत झालं. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं, "मॅडम, घोडबंदर आहे, काय टिकणार?" मग त्यांनी गाडी मोठ्या सर्व्हिस सेंटरला दिली. तिथे कंपनीच्या खोक्यातलं बेअरिंग लागलं, बिल ५,४०० रुपये. तिथल्या सल्लागाराने आधी साडेतेरा हजारांचं एस्टिमेट दिलं होतं, 'नकल आणि हबसह'. ताईंनी विचारलं, का? तो म्हणाला, "मॅडम, कम्प्लीट केलं की टेन्शन नाही." हे कुणालाही लुबाडणंच वाटेल. त्यांनी नकार दिला, नुसतं बेअरिंग बदलून घेतलं. ते २०२४ च्या पावसाळ्यानंतर बोलायला लागलं.

पर्यायांचा विचार

तोवर टायर धरून १८,०५० रुपये गेले होते. घरात तीन मतं होती. ताईंच्या यजमानांचं म्हणणं, गाडी विकून टाका. सासऱ्यांचं म्हणणं, परदेशी कंपनीचं महागातलं बेअरिंग आणा. ताईंना ग्राहक आयोगात जायचं होतं.

विकण्याचा मुद्दा फार टिकला नाही. आवाज करणारी गाडी विकायची तर आवाजाचे पैसे कापूनच मिळणार, आणि आवाज लपवून विकणं ताईंना मान्य नव्हतं.

महागडं बेअरिंग हा पर्याय मोहक होता, कारण त्यात कुठलाच प्रश्न विचारावा लागत नाही. बाजारात नकली बेअरिंगं येतात हे खरं आहे आणि मोठ्या कंपन्यांनी खोक्यावरचा कोड मोबाइलने तपासायची सोयही केली आहे. पण पहिल्या दोन बेअरिंगांची खोकीही नव्हती आणि बेअरिंगंही. तिसरं तर अधिकृत बिलावर आलेलं होतं, तरी गेलंच. म्हणजे नकली मालाची शंका पहिल्या दोनांबाबत फार तर अर्धी खरी.

ग्राहक आयोगाबद्दल थोडं सविस्तर, कारण असे प्रश्न मला बरेचजण विचारतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष सेवेची तक्रार जिल्हा आयोगात करता येते. दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून काही वेळा तडजोड होते. दारं उघडी आहेत. अडचण पुराव्याची होती. गाडी आवाज करते एवढ्यावर भागत नाही. बिघाड कुणाच्या कामातून आला ते दाखवावं लागतं. पहिली दोन बेअरिंगं गॅरेजच्या भंगाराच्या डब्यातून कधीच पुढे गेली होती. सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड मी मागवून पाहिलं. दुसऱ्या पानावर तळाशी, पेनने घाईत खरडलेली, कार्बनमुळे अर्धी पुसट ओळ होती: नकलचा बोअर झिजलेला, ग्राहकाला सांगितलं, ग्राहकाची संमती नाही. खाली ताईंची सही.

ताईंनी ती ओळ तेव्हा पहिल्यांदा वाचली. सर्व्हिस सेंटरविरुद्धचा दावा तिथेच मेला. पण त्या ओळीने तपासाला दिशाही दिली. त्या सल्लागाराकडे योग्य सल्ला होता, नुसता तो सांगायची तसदी घेतली नाही. "बोअर झिजलाय, नवं बेअरिंग त्यात सैल बसेल, वर्षभरात परत याल," एवढी दोन वाक्यं बोलला असता तर साडेतेरा हजार लुबाडणं वाटले नसते.

मला स्वतःला त्याआधीच एक गोष्ट खटकत होती. उजवं चाक त्याच रस्त्यावरून, त्याच पाण्यातून गेलं होतं आणि त्याचं बेअरिंग अजून कंपनीतून आलेलं, मूळचंच होतं. डावं चाक रस्त्याच्या कडेने चालतं, गटाराची झाकणं आणि तुंबलेलं पाणी त्याच्या वाट्याला जास्त येतं हे कबूल. म्हणून पहिलं बेअरिंग डाव्या बाजूचं गेलं हे समजू शकतं. पण डावीकडे तीन नवी बेअरिंगं आणि उजवीकडे एकही नाही, एवढा फरक खड्डे करत नाहीत. शिवाय टिकण्याचा काळ बघा. मूळचं बेअरिंग ७४,००० किलोमीटर गेलं, त्यानंतरचं ९,०००, आणि पुढची दोन्हीही मूळच्याच्या आसपाससुद्धा पोचली नाहीत. रस्ता तर तोच होता.

काय केलं

ठरलं ते असं: बेअरिंग बदलायचं, पण समोर उभं राहून, जुनं ताब्यात घेऊन, आणि नवं विकत घ्यायच्या आधी ते ज्यात बसतं ते मोजून. वागळे इस्टेटमधला एक मेकॅनिक याला तयार झाला. त्याच्याकडे स्वतःचा हायड्रॉलिक प्रेस होता आणि दोन गाळे सोडून एक लेथवाला. मेकॅनिक आधी जरा नाराज होता, "साहेब, तुम्ही बघणार म्हणजे आम्ही चोर का?" नकल हातात आल्यावर मात्र तोच जास्त उत्सुक झाला.

बेअरिंग प्रेसवर फार जोर न लावताच बाहेर आलं. घट्ट बसलेलं बेअरिंग निघताना मोठा 'टक्' आवाज करतं. हे गुपचूप सरकलं. बोअर चिंधीने पुसला तर चिंधीवर लालसर तपकिरी भुकटी. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म घासत राहिले की अशी भुकटी तयार होते, म्हणजे बाहेरचं कडं आपल्या जागी स्थिर नव्हतं. सैल अंगठी बोटात हलते तसं ते बोअरमध्ये जागच्या जागी थोडं थोडं हलत होतं.

मग टॉर्चच्या उजेडात दिसलं ते पाहून मेकॅनिकने शिवी हासडली. बोअरच्या आतल्या भिंतीवर ठिपके होते. ओळीने मारलेले, दोन बाजूंना दाट, बाकी ठिकाणी विरळ. डॉट पंचचे, म्हणजे हातोडीने ठोकायच्या टोकदार सळईचे, घाव. बेअरिंग सैल जातंय म्हणून कुणीतरी बोअरला पंच मारले होते. प्रत्येक ठिपक्याभोवती धातू थोडा उचलला जातो आणि बेअरिंग घट्ट बसल्यासारखं वाटतं. हा जुना जुगाड आहे, बैलगाडीच्या वेगाच्या यंत्रांवर तो कदाचित चालतही असेल. इथे झालं असं की बाहेरचं कडं पूर्ण गोलाईत धरलं जाण्याऐवजी समोरासमोरच्या दोन ठिकाणी चिमटलं गेलं.

लेथवाल्याने भोकाचा व्यास मोजायचा बोअर गेज लावला. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ७२ मिलिमीटर. बोअर त्यापेक्षा चार-पाच शतांश मिलिमीटर लहान हवा, म्हणजे दाबून बसतं. हा एका दिशेने ७२.०१ आणि दुसऱ्या दिशेने ७२.०३ भरला. झिजलेला आणि वर थोडा लंबगोल.

हबची कथाही तशीच. आतलं कडं जिथे बसतं त्या दांड्यावर एक आडवा चरा होता, नखाला सहज लागेल असा, आणि त्याची कडा वर आलेली. बेअरिंग काढताना आतलं अर्धं कडं बहुतेक वेळा हबवरच अडकून राहतं. ते ओढून काढायचं अवजार, म्हणजे पुलर, नसेल तर ते ग्राइंडरने कापून छन्नीने फोडतात. कापणाऱ्याचा हात थोडा खोल गेला की चरा पडतो. त्या उचललेल्या कडेमुळे नवं कडं खांद्याला सपाट टेकत नव्हतं.

जुनं बेअरिंग आम्ही लेथवाल्याकडून कापून घेतलं. बाहेरच्या कड्याच्या वाटेवर दोन ठिकाणी पापुद्रे निघाले होते, अगदी समोरासमोर; मधली वाट जवळजवळ नव्यासारखी चकचकीत. खड्ड्याचा दणका बसला असता तर गोळ्यांच्या अंतराने खळगे दिसले असते. पाणी शिरलं असतं तर ग्रीस दुधाळ किंवा गंजकट झालं असतं. इथे ग्रीस काळपट होतं, पण पाणी नव्हतं. कापलेलं कडं पंचच्या ठिपक्यांसमोर धरलं तेव्हा पापुद्रे बरोबर दाट ठिपक्यांच्या जागी आले. मेकॅनिकने मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

आता निर्णय बोअरचा. लेथवाला म्हणाला, मोठा करून आत बुश, म्हणजे धातूची नळी, बसवतो, आठशे रुपये. त्याचं काम चांगलं असतं आणि एखाद्या पंपाच्या बॉडीला मी डोळे झाकून हो म्हटलं असतं. पण ब्रेक आणि स्टिअरिंगचा भार घेणाऱ्या भागाची भिंत पातळ करणं मला नको होतं. कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात वापरलेला नकल स्वस्तात मिळाला असता. तो मोजून घेता आला तर वाईट नाही, मात्र अपघातातल्या गाडीचा निघाला तर वाकलेला असू शकतो आणि ते दुकानात उभ्या उभ्या कळत नाही. नवा नकल ४,८०० आणि नवा हब २,३००. ताई म्हणाल्या, "काका, एकदाच काय ते करून टाका."

नवा नकल आला तोही मोजला. बेअरिंग बाहेरच्या कड्यावर जोर देऊन दाबलं. हब दाबताना खालून आतल्या कड्याला आधार दिला, म्हणजे गोळ्यांवर भार आला नाही. चुंबकी बाजू सेन्सरकडे आहे ना, हे दाबण्याआधी दोघांनी पाहिलं. सर्क्लिप नवी, एक्सल नट नवा. हा नट सहसा पान्याला पाइप लावून 'हाताच्या अंदाजाने' आवळतात. आम्ही वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा घेतला आणि टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, लावला. छोट्या गाड्यांत तो साधारण पावणेदोनशे ते अडीचशे न्यूटन-मीटर असतो, गाडीगणिक वेगळा. नट पुरता आवळेपर्यंत गाडी चाकांवर ढकलायची नाही हेही पाळलं; न आवळलेल्या बेअरिंगवर गाडीचं वजन फिरलं तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी दुखावतं.

एक गोष्ट फसली. एबीएसचा सेन्सर जुन्या नकलमध्ये गंजून बसला होता, काढताना तुटला. २,४०० रुपयांचा फटका. नकल बदलल्यामुळे शेवटी व्हील अलाइनमेंटही करावं लागलं.

निष्पत्ती

बेअरिंग, सर्क्लिप आणि नट मिळून २,२५०, मजुरी २,०००, अलाइनमेंट ६००. सगळं धरून १४,३५० रुपये. सर्व्हिस सेंटरच्या साडेतेरा हजारांची आठवण ताईंनीच काढली आणि त्या हसल्या, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे ताई कापलेलं बेअरिंग आणि जुना नकल घेऊन गेल्या. मला वाटलं होतं की तो झटकून टाकेल. त्याने ठिपके पाहिले, प्रेसवाल्याला फोन लावला, दोघांची जुंपली. पंच कुणी मारले ते काही ठरलं नाही, माझ्या अंदाजाने प्रेसवाल्याने. गॅरेजवाल्याने दुसऱ्या वेळची मजुरी परत केली. टायरचे पैसे गेले ते गेले.

त्यानंतर एक पूर्ण पावसाळा त्याच रस्त्यावर, त्याच पाण्यातून झाला. डावं चाक शांत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णय टायरचा. वळणाची आणि स्प्रिंगवर हात ठेवायची चाचणी जुलैतच झाली असती तर बेअरिंग चार महिने आधी बदललं गेलं असतं. खराब बेअरिंग जास्त तापतं, अडखळतं, आणि अडखळलं की बाहेरचं कडं बोअरला ओढत फिरायला लागतं. बोअर तेव्हाच झिजला असावा. आठ-दहा दिवस आवाज सहन करणं वेगळं, चार महिने वेगळं.

दुसरा, जुना भाग न मागणं. तो तुमच्याच पैशांचा असतो. "जुनं बेअरिंग डिकीत टाका," एवढं काम देतानाच सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही; बिल झाल्यावर सांगितलं तर ते सापडत नाही.

तिसऱ्या निर्णयाबद्दल माझं आणि ताईंचं अजून एकमत नाही. एबीएसचा दिवा गेला त्या दिवशीच दुसरं नवं बेअरिंग मागायला हवं होतं असं मी म्हणतो. त्या म्हणतात, "फुकट दिलेल्या बेअरिंगवर अजून एक फुकट कोण देतो?" त्यांचंही खोटं नाही. पण ते विकतचं १,६५० ला आलं असतं.

आणि जॉब कार्ड. सही करण्याआधी हाताने लिहिलेल्या ओळी मोठ्याने वाचून घ्याव्यात, नाही लागल्या तर सल्लागाराला वाचायला लावाव्यात. छापील मजकूर सगळ्यांसाठी सारखा असतो; तुमच्या गाडीबद्दलचं जे काही असतं ते त्या खरडलेल्या ओळीत.

या वर्षी उजव्या चाकाचं मूळ बेअरिंग बोलायला लागलं, १,१२,००० किलोमीटरवर, जे त्याच्या वयाला साजेसंच आहे. ताईंनी दुसऱ्याच आठवड्यात वागळे इस्टेट गाठलं. आतलं कडं पुलरने निघालं, बोअर मोजला तो ७१.९६, हब स्वच्छ. बेअरिंग, सर्क्लिप, नट, मजुरी, एकूण ३,९००. जुनं बेअरिंग मेकॅनिकने न मागता पिशवीत घालून दिलं.